घराचा पाया कसा तपासावा? काळ्या जमिनीवरील घरांसाठी मार्गदर्शन



शेत विकत घ्यायचे झाले तर आपण ते नुसते बांधावरून पाहून व्यवहार करीत नाही. पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, उन्हाळ्यात भेगा किती पडतात, दोन हात खणल्यावर मुरूम लागतो की काळी मातीच चालू राहते, शेजारच्या विहिरीत कोणते थर दिसतात, हे सर्व विचारतो. घर घेताना मात्र तोच शेतकरी रंग, फरशी, नळ आणि स्वयंपाकाचा ओटा पाहतो व इसार देऊन मोकळा होतो. ज्या मातीवर ते घर उभे आहे तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेकडील मुकुंदवाडीचे उदाहरण घ्या. मूळचे हे एक गाव. जालना रस्ता, रेल्वेमार्ग, सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांच्या मध्ये येऊन ते आता शहराचाच भाग झाले आहे. आसपासच्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अशा वस्तीत जुने घर किंवा लहानसा प्लॉट घेतात. त्यासाठी लागणारा पैसा बहुधा जमीन विकून, भूसंपादनाच्या मोबदल्यातून किंवा कर्ज काढून आलेला असतो व तो पुन्हा उभा राहत नाही. घराचा रंग बिघडला तर पुन्हा देता येतो. पाया बिघडला तर दुरुस्तीचा खर्च घर बांधण्याच्या खर्चाच्या जवळ जातो. म्हणून व्यवहारापूर्वी, तसेच आपल्या राहत्या घराचीही, पायाची तपासणी कशी करावी याची माहिती या लेखात दिली आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. गावठाण शक्यतो उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी असे. काळीत घर बांधण्याची पद्धत नव्हती. शहरे वाढू लागली तशी ही मर्यादा सुटली. नांगराखालची काळी जमीन प्लॉट पाडून विकली गेली आणि तिच्यावर घरे उभी राहिली.

मराठवाड्याची काळी जमीन बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट, भरपूर असतात. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. याच गुणामुळे ती ओल धरून ठेवते व रब्बी ज्वारी केवळ साठलेल्या ओलीवर निघते. शेताला वरदान असलेला हा गुण घराच्या पायाला मात्र घातक ठरतो.

पावसाळ्यात घराबाहेरची माती भिजून फुगते आणि घराच्या मधोमध असलेली माती तुलनेने कोरडी राहते. त्यामुळे घराच्या कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात बाहेरची माती सुकून आकसते आणि कडा खाली बसतात. संपूर्ण घर सारखेच वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. एक कोपरा हलतो आणि दुसरा हलत नाही, यामुळे भिंती फाटतात. हलक्या एकमजली घराला याचा त्रास अधिक होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके वजन त्याच्यात नसते.

म्हणूनच पायाची तपासणी करणारा जाणकार अभियंता घराच्या वजनाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष पाण्याकडे देतो. पाणी पायापर्यंत कोठून येते, कोठे थांबते आणि केव्हा सुकते, हे कळले की पायाचे निम्मे दुखणे कळते. हे पाहण्याची दृष्टी शेतकऱ्याजवळ आधीपासूनच असते.

तपासणी केव्हा करावी?

काळ्या जमिनीवरील घर वर्षातून दोन वेळा पाहावे. पहिली पाहणी मे महिन्यात, माती पूर्ण सुकलेली असताना करावी. त्या वेळी बहुतेक भेगा सर्वांत रुंद दिसतात. दुसरी पाहणी सप्टेंबरमध्ये, माती भिजून फुगलेली असताना करावी. दोन्ही वेळच्या नोंदी जुळवल्या की पाया स्थिर आहे की ऋतूप्रमाणे हलतो हे समजते. घर विकत घेताना दोन ऋतू थांबणे शक्य नसेल तर निदान उन्हाळ्याच्या शेवटी पाहावे व शेजाऱ्यांकडून पावसाळ्यातील परिस्थिती विचारून घ्यावी. नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर समाधान मानू नये. कपाटामागील, जिन्याखालील व न्हाणीघराच्या बाहेरील भिंत अवश्य पाहावी.

लागणारे साहित्य

विजेरी, मोजपट्टी, ओळंबा, आठ-दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी (गवंडी हिला लेव्हल पाइप म्हणतात), मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, पेन्सिल, लहान हातोडी, पहार, कुदळ आणि एक वही. याहून अधिक काही लागत नाही.

१. घराबाहेरील पाहणी : पाण्याची वाट

अ) उतार : घराभोवतीची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती असावी. जोत्यालगत दर मीटरला तीन ते पाच सेंटिमीटर उतार असल्यास पाणी थांबत नाही. शक्य झाल्यास जोराचा पाऊस चालू असताना घराला एक फेरी मारावी. त्या अर्ध्या तासात जे दिसते ते एरवी तासन्‌तास पाहूनही दिसत नाही. अनेक वस्त्यांत रस्ता दर वेळी वर भर घालून केल्यामुळे जुनी घरे रस्त्याच्या खाली गेलेली असतात. अशा घरात रस्त्याचे पाणी थेट पायात उतरते.

आ) छताचे पाणी : स्लॅबवरील पाण्याचे पाइप कोठे सोडले आहेत ते पाहावे. पाइपचे तोंड जोत्यालगत उघडे असेल तर संपूर्ण छताचे पाणी एकाच कोपऱ्यात मुरते आणि तोच कोपरा सर्वप्रथम फाटतो.

इ) जोत्याभोवतीचा कोबा : घराभोवती निदान एक मीटर रुंदीचा, बाहेर उतरता कोबा असावा. कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात फट पडली असेल तर कोब्याचा उपयोग उलटा होतो. पाणी त्या फटीतून पायात जाते आणि कोब्यामुळे सुकतही नाही.

ई) टाक्या, शोषखड्डे व नळ : शौचालयाची टाकी, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि जमिनीखालील पाण्याची टाकी भिंतीपासून किती अंतरावर आहेत याची नोंद घ्यावी. लहान प्लॉटवर या गोष्टी बहुधा पायाला खेटून असतात. गळतीची साधी परीक्षा अशी : रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे पुन्हा पाहावे. वापर नसताना पातळी उतरली असेल तर पाणी कोठेतरी जमिनीत जात आहे. एका कोपऱ्याची माती बारमाही ओली आणि बाकीची कोरडी ही स्थिती काळ्या जमिनीत सर्वांत वाईट समजावी.

उ) झाडे : बांधावरच्या निलगिरीशेजारी ज्वारीच्या ओळी खुज्या राहतात हे आपण जाणतो. झाड तेथील ओल ओढून घेते. तेच झाड घराजवळ असेल तर पायाखालची माती सुकवून त्या बाजूचा पाया खाली बसवते. म्हणून वड, पिंपळ, निलगिरी, कडुनिंब अशी मोठी वाढणारी झाडे, त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतक्या अंतरावर असावीत. जुने मोठे झाड एकदम तोडणेही घातक ठरू शकते. झाड गेल्यावर सुकलेली माती पुन्हा ओल धरते आणि फुगून पाया उचलते. जोत्याला लागून फुलझाडांची आळी करून त्यांना रोज पाणी देणेही टाळावे.

ऊ) घुशींची बिळे : जोत्यालगत घुशीची बिळे असल्यास ती केवळ बुजवून थांबू नये. बिळातून पावसाचे पाणी पायाखाली पोहोचते व माती वाहून पोकळी तयार होते. पहार आपटून पोकळ आवाज येतो का ते पाहावे.

ए) कुंपणभिंत : कुंपणभिंतीचा पाया उथळ असतो. त्यामुळे मातीची हालचाल तेथे सर्वांत आधी दिसते. घराची भिंत रंगवली जाते, पण कुंपणाकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्या व शेजारच्या कुंपणभिंती कलल्या किंवा फाटल्या असतील तर खालची माती फुगणारी आहे असे समजून पुढील तपासणी करावी.

२. भिंतीवरील भेगा वाचणे

प्रत्येक भेग पायामुळे पडत नाही. भेग कोठे सुरू होते, कोणत्या दिशेने जाते आणि कोणत्या टोकाला रुंद आहे यावरून तिचे कारण ओळखता येते.

• केसासारख्या, जाळीदार भेगा : गिलावा सुकताना आकसल्यामुळे पडतात. बोटाने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. पायाशी संबंध नाही.

• स्लॅबच्या खाली, भिंतीच्या वरच्या टोकाला आडवी सरळ भेग : स्लॅब उन्हाने प्रसरण पावतो त्यामुळे पडते. बहुधा पायाचा दोष नसतो.

• कॉलम व विटांची भिंत यांच्या सांध्यावर उभी सरळ भेग : दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्याची भेग. रुंदी वाढत नसेल तर चिंता नसावी.

• कॉलमच्या अंगावर उभी भेग व तांबूस डाग : आतील सळई गंजली आहे. हे गंभीर असून पायाजवळचा भागही तपासणे आवश्यक आहे.

• दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी भेग : ही पाया हलल्याची मुख्य खूण होय. भेग वरच्या टोकाला रुंद असेल तर बहुधा घराची कड बसली आहे. खालच्या टोकाला रुंद असेल तर बहुधा मधला भाग बसला किंवा कडा उचलल्या गेल्या आहेत.

• जोत्याच्या उंचीवर आडवी भेग आणि भिंतीला बाहेर पोट : जोत्यात भरलेली माती फुगून भिंतीला ढकलत आहे.

भेगेची रुंदी मोजावी. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने विटांच्या घरांसाठी केलेली वर्गवारी जगभर वापरली जाते. तिच्यानुसार एक मिलिमीटरपर्यंतची भेग अत्यंत किरकोळ, पाच मिलिमीटरपर्यंत किरकोळ, पाच ते पंधरा मिलिमीटर मध्यम, पंधरा ते पंचवीस मिलिमीटर गंभीर आणि त्याहून अधिक रुंदीची अतिगंभीर समजतात. रुंदीबरोबर भेगांची संख्या आणि जागाही विचारात घ्यावी.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भेग वाढते आहे का? यासाठी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहावी. भेगेच्या दोन बाजूंना एकेक बारीक खिळा ठोकून त्यांमधील अंतर दरमहा मोजावे व वहीत उतरवावे. अंतर उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात कमी होत असेल तर माती फुगते-आकसते आहे आणि उपाय पाण्याच्या नियंत्रणात आहे. अंतर दर महिन्याला वाढतच असेल तर पाया बसत आहे व अभियंत्यास विलंब न लावता बोलवावे. वर्षभर काहीच बदल नसेल तर ती जुनी, थांबलेली भेग आहे.

येथे एक सूचना. मे महिन्यात रुंद झालेली भेग पाहून अनेक जण ती लगेच कडक सिमेंटने बुजवतात. पावसाळ्यात माती फुगल्यावर भेग मिटू पाहते, पण आत सिमेंट असल्यामुळे मिटू शकत नाही आणि भिंत शेजारी नव्या जागी फाटते. आधी पाण्याची व्यवस्था सुधारावी, एक वर्ष नोंदी घ्याव्यात आणि मगच भेग भरावी.

३. घरातील पाहणी

दारे-खिडक्या उघडून-मिटून पाहाव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगूनही दार घासते, परंतु लोखंडी चौकटीचे दार घासत असेल तर चौकट तिरपी झाली आहे. चौकटीला ओळंबा लावून पाहावा. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली आहे का, फरशी मध्येच फुगून आली आहे का हे पाहावे. जोत्याच्या भरावात मुरूम न टाकता पाया खणताना निघालेली काळी मातीच भरली असेल तर फरशी हमखास उचलते. खर्च वाचवण्यासाठी हा प्रकार सर्रास होतो.

जोत्याची पातळी लेव्हल पाइपने तपासावी. नळीत पाणी भरून त्यातील हवेचे बुडबुडे पूर्ण काढावेत. जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करून जोत्याच्या वरच्या कडेपासून खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. एक-दोन सेंटिमीटरचा फरक बांधतानाच राहून गेलेला असू शकतो. म्हणून एका मोजणीवर निष्कर्ष काढू नये. तीच मोजणी सप्टेंबरात पुन्हा करून फरक बदलला का ते पाहावे.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत ओल, पांढरा क्षार आणि गिलाव्याचे पोपडे दिसत असतील तर जमिनीतील पाणी भिंतीत चढते आहे. शेतात पाणी उपसून पांढरे क्षार वर येतात तसाच हा प्रकार आहे. नुसता नवा गिलावा करून तो थांबत नाही. ओलीचे मूळ शोधावे लागते. त्याच वेळी वाळवीच्या मातीच्या नळ्याही शोधाव्यात.

४. पाया उघडून पाहणे

वरील लक्षणे दिसल्यास एके ठिकाणी पाया उघडून पाहावा. जमिनीचा छेद पाहण्यासाठी आपण शेतात खड्डा घेतो तसेच हे काम आहे, मात्र अधिक काळजीने करावयाचे. घरमालकाची परवानगी घ्यावी व शक्यतो अभियंता अथवा अनुभवी गवंडी हजर असावा. खड्डा भिंतीलगत एक मीटरपेक्षा अधिक लांब घेऊ नये, पायाच्या तळाखाली जाऊ नये आणि पावसाळ्यात खणू नये. काळ्या मातीची उभी बाजू अचानक ढासळते, म्हणून खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नये. पाहणी झाल्यावर माती पंधरा सेंटिमीटरच्या थरांत ओलसर करून धुमसाने ठोकून भरावी. मोकळी भरलेली माती पुढे पाण्याचा हौद बनते.

खड्ड्यात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) पाया किती खोल आहे? पाया नैसर्गिक जमिनीच्या पातळीपासून निदान ५० सेंटिमीटर खाली असावा असे भारतीय मानक सांगते. काळ्या जमिनीत ही खोली पुरत नाही. शेतात आपण पाहतो त्या भेगाच अनेकदा याहून खोल जातात.

२) तळाशी काय आहे? घट्ट मुरूम किंवा खडक असल्यास उत्तम. संभाजीनगर परिसरात उंचवट्यावर मुरूम थोड्या खोलीवरच लागतो, तर नाल्याकाठी व सखल भागात काळ्या मातीचा थर जाड असतो. हा फरक शेजारच्या दोन प्लॉटमध्येही आढळतो. अर्धे घर मुरमावर आणि अर्धे काळीवर, ही स्थिती संपूर्ण घर काळीवर असण्यापेक्षाही वाईट, कारण एक बाजू हलते आणि दुसरी मुळीच हलत नाही.

३) भराव आहे का? तळाशी विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, राख किंवा कचरा दिसल्यास जुना नाला अथवा खदान बुजवून प्लॉट पाडला असण्याची शक्यता आहे. जुन्या जाणत्या माणसांना विचारून खात्री करावी.

४) बांधकाम कसे आहे? दगडांतील चुना-सिमेंट नखाने खरवडून पाहावे. भुगा होत असेल तर बांधकाम कमकुवत आहे.

५. माती किती फुगते? सोपी चाचणी

पायाच्या तळाजवळची मूठभर माती आणून ती पूर्ण वाळवावी, कुटावी व मैद्याच्या चाळणीने चाळावी. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेली काचेची दोन मोजपात्रे घ्यावीत. प्रत्येकात दहा ग्रॅम माती टाकून एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल शंभरच्या खुणेपर्यंत भरावे. काडीने ढवळून हवा काढावी आणि चोवीस तास स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये मातीचा थर १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर दिसला, तर फुगण्याचे प्रमाण ८० टक्के झाले.

भारतीय मानकानुसार ५० टक्क्यांपेक्षा कमी फुगणारी माती कमी धोक्याची, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० टक्क्यांवर अति जास्त धोक्याची समजतात. घरी केलेली चाचणी अंदाजापुरती धरावी. नवीन घर बांधायचे असेल तर अभियांत्रिकी प्रयोगशाळेतून माती तपासून घ्यावी. एकरी खताची मात्रा ठरवण्यासाठी आपण माती परीक्षण करतो. आयुष्यात एकदा बांधायच्या घरासाठी ते टाळणे शहाणपणाचे नाही.

६. जुनी दगड-मातीची घरे : किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात असे. तेथील बहुसंख्य घरांच्या भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या व जाड होत्या आणि त्यांवर मातीचे जड माळवद होते. हादरा बसताच भिंतीचे आतील व बाहेरील अंग एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. मराठवाड्याला हा विषय जुना झालेला नाही.

अशा जुन्या घराचा पाया चांगला असला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. भिंतीची दोन्ही अंगे जोडणारे आरपार दगड आहेत का, कोपऱ्यांवर लांब दगड एकाआड एक बसवले आहेत का, भिंतीला पोट आले आहे का, दारावरच्या उंचीला सर्व भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, हे पाहावे. माळवदावर दर वर्षी माती टाकून थर किती जाड झाला आहे तेही मोजावे. वजन कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

७. शहरी वस्तीत घेण्याची विशेष काळजी

• वाढीव मजले : एका मजल्यासाठी घातलेल्या पायावर पुढे दोन-तीन मजले चढवलेले आढळतात. मंजूर नकाशा आणि पायाचा आराखडा मागावा. तो नसेल तर पाया किती मजल्यांचा आहे हे अभियंत्याने तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

• शेजारचे खोदकाम : शेजारच्या प्लॉटवर आपल्या पायापेक्षा खोल खोदकाम झाले असेल तर आपल्या पायाखालची माती त्या बाजूला सरकते. त्या बाजूच्या भेगा विशेष पाहाव्यात.

• अर्धवट पाडलेली घरे : जून २०२५ मध्ये महानगरपालिकेने मुकुंदवाडी परिसरात जालना रस्त्यालगतची बांधकामे हटवली. अशा मोहिमेत किंवा रस्ता रुंदीकरणात पुढचा भाग गेलेले घर केवळ नवी भिंत घालून वापरू नये. काढलेल्या भागाबरोबर बीमचा आधार गेला असतो, सळया उघड्या पडलेल्या असतात आणि कडेचा पाया उघडा पडून त्यात पाणी मुरते. उरलेल्या भागाची अभियंत्याकडून तपासणी आवश्यक आहे.

• बँकेचा अहवाल : कर्जासाठी बँकेने नेमलेला मूल्यांकनकार घराची किंमत ठरवतो, पाया उकरून पाहत नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे पाया चांगला असे समजू नये.

८. दोष आढळल्यास उपाय

प्रथम स्वस्त उपाय करावेत. छताचे पाणी पाइपने घरापासून दूर सोडणे, गळती थांबवणे, जमिनीला उतार देणे, शोषखड्डा दूर नेणे आणि एक मीटर रुंदीचा कोबा करून भिंतीशी असलेला सांधा डांबराने बंद करणे. ऋतूप्रमाणे हलणाऱ्या अनेक घरांत एवढ्यानेच हालचाल कमी होते, कारण पायाखालची ओल वर्षभर सारखी राहू लागते.

नवीन बांधकामासाठी मातीचा थर कमी जाडीचा असल्यास तो पूर्ण काढून पाया मुरमावर घालावा. थर जाड असल्यास रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली, तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची (अंडर-रीम्ड पाइल) पद्धत वापरावी. हे खांब किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथे ऋतूप्रमाणे होणारी मातीची हालचाल नगण्य असते. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेली दुसरी पद्धत म्हणजे काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा साधारण एक मीटरचा थर ठोकून बसवणे. योग्य प्रतीचा मुरूम यासाठी चालतो. मात्र काळी काढून त्या जागी नुसती वाळू भरू नये. भोवतीच्या काळीत वाळूचा खड्डा विहिरीसारखा पाणी धरून ठेवतो.

जुन्या घराचा पाया खालून खोदून वाढवणे हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोपवू नये. ते अभियंत्याच्या देखरेखीखाली, थोड्या-थोड्या लांबीने करावे लागते.

अभियंत्यास ताबडतोब केव्हा बोलवावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास स्वतः निर्णय घेऊ नये :

१) पाच मिलिमीटरहून रुंद तिरपी भेग, किंवा दरमहा वाढणारी कोणतीही भेग.

२) ओळंब्याने कललेली किंवा पोट आलेली भिंत.

३) कॉलमवर भेगा, उघडी व गंजलेली सळई.

४) पायाखाली पोकळी किंवा कचऱ्याचा भराव.

५) भिंतीच्या आरपार दिसणारी भेग.

भिंत कललेली व भेग वाढत असेल तर त्या खोलीत झोपणे त्याच दिवसापासून बंद करावे.

सारांश

काळ्या जमिनीत पाया हलण्याचे मुख्य कारण असमान ओल हे आहे. म्हणून आधी पाण्याची वाट पाहावी, मग भेगांची दिशा व रुंदी, त्यानंतर जोत्याची पातळी आणि शेवटी गरज वाटल्यास खड्डा घेऊन पायाचा तळ पाहावा. मे व सप्टेंबर या दोन्ही वेळच्या नोंदी वहीत ठेवाव्यात. अभियंत्यास बोलावल्यावर ही वही त्याच्या हाती द्यावी. एका भेटीत त्याला जे दिसणार नाही ते या नोंदींवरून समजते. घर विकत घेत असाल तर ही सर्व पाहणी इसार देण्यापूर्वी करावी. इसार दिल्यानंतर दिसलेल्या भेगेची किंमत घेणाऱ्यालाच मोजावी लागते.